पाटी हसली ती सरदारणीला

आकारामला गाडी चालवायचं लायसन कसं मिळालं, ती गोष्ट कोल्हापुरात अजून सांगतात. सांगणाऱ्यागणिक तिच्यात एखादी म्हैस वाढते, पण मूळ गोष्टीत म्हैस एकच होती. पंचविशीतला आकाराम फटफटीवर बसून परीक्षेला गेला आणि घरची म्हैस दावं तोडून त्याच्या मागोमाग मैदानावर हजर झाली. साहेबांनी जमिनीवर चुन्यानं आठाचा आकडा काढलेला. आकारामनं गाडी आठात घातली, म्हैस आठात शिरली. तो वळला, ती वळली. त्याचा पाय एकदा जमिनीला टेकला. तिचे चारही टेकलेलेच होते, पण चुन्याच्या रेघेवर खूर म्हणून पडला नाही. साहेब बराच वेळ आळीपाळीनं दोघांकडं बघत राहिले आणि म्हणाले, "पावणं, लायसन कुणाच्या नावानं काढायचं ते तेवढं ठरवा."

ज्याला कोल्हापूर ठाऊक नाही त्याला ही थाप वाटेल. पण इथं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, कपाळाला कवड्यांचा पट्टा बांधायचा, मोरपिसं खोवायची, पाठीवरचे केस कातरून त्यात मालकाचं नाव काढायचं. मग मालक फटफटीवर पुढं आणि म्हैस मागं. दावं नाही की काठी नाही. सायलेन्सरच्या आत एक नळी असते, तिला इथं पुंगळी म्हणतात. ती काढून टाकली की गाडी असा काही आवाज करते की पलीकडच्या पेठेतली तान्ही पोरं जागी होतात. त्या आवाजामागं म्हैस धावते. वर्षभर तिला एवढंच शिकवलेलं असतं, की हा आवाज म्हणजे आपला धनी, आणि आवाज वाढला की पाय उचलायचा. धन्याचं तोंड ती बघतच नाही. कशाला बघेल? धन्याची बायको तरी कुठं रोज बघते?

तर आकाराम हा असा माणूस. साठीला टेकला, मिशा पांढऱ्या झाल्या, तरी पाडव्याला फटफटीवर बसला की त्याच्या अंगात वारं शिरायचं. परीक्षा दिलेल्या त्या म्हशीची नात हल्ली त्याच्या गोठ्यात होती. नाव सरदारीण. चालणं असं, की समोरून येणाऱ्यानंच बाजूला व्हावं.

त्याची बायको धोंडुबाई आजऱ्याची. लग्न ठरवायला हा फटफटी उडवत गेला आणि किती लवकर पोचलो ते सासऱ्यासमोर फुशारकीनं सांगून बसला. सासरा काजूवाला, टरफलासकट माणूस ओळखणारा. त्यानं अट घातली, पोरगी देतो, पण ती तुझ्या गाडीवर बसणार न्हाय, एसटीनं येईल. मग लग्नानंतर नवरी एसटीत खिडकीशी बसली आणि नवरा फटफटीवरून एसटीच्या मागं मागं, धूर खात, आजरा ते कोल्हापूर आला. धोंडुबाई अजून सांगायची, "उभ्या जल्मात एकदाच माझ्या मागं मागं आलायसा. आन् तेवढ्याच येळी तुमी शाण्यासारखं गाडी चालवलीसा."

शाहूपुरीतून हायवेकडं जाणाऱ्या रस्त्याच्या वळणावर या नवरा-बायकोचा दूधकट्टा. सकाळ-संध्याकाळ म्हशी गोठ्यातून निघून रस्ता ओलांडून कट्ट्यावर येऊन उभ्या राहायच्या. गिऱ्हाइकानं पेला पुढं करायचा, धोंडुबाईनं धार थेट पेल्यात सोडायची. तालमीतली पोरं, फिरायला निघालेले म्हातारे, बँकेतले साहेब, सगळे एका रांगेत पांढऱ्या मिशा लावून उभे. आकारामच्या आज्यानं हा कट्टा मांडला, बापानं चालवला. आकारामला दुसरं काही येत नव्हतं आणि यावं असं कधी वाटलंही नव्हतं.

पूर्वी या रस्त्यावर वेगाचा बंदोबस्त खड्ड्यांनी चोख ठेवला होता. लहान-मोठा, गरीब-श्रीमंत असा भेद नाही, सगळ्यांना एकच मर्यादा. मग रस्ता चौपदरी झाला, सिमेंटचा झाला, गुळगुळीत झाला आणि माणसं बिघडली. ज्यांना कुठंच वेळेवर जायचं नव्हतं तेही घाईत जायला लागले. सरकारनं चाळीसची पाटी लावली. ती पाटी लोक वाचत, पण एखादी जुनी निवडणुकीची घोषणा वाचावी तशी.

त्या वर्षी दिवाळीला हंबीररावांचा पृथ्वीराज जर्मनीहून आला आणि वादाला तोंड फुटलं.

हंबीरराव म्हणजे गल्लीचे माजी नगरसेवक. 'माजी' हा शब्द सोडला तर बाकी सगळा थाट चालूच होता. नवी मोठी गाडी घेतलेली, आणि ती रोज दोनदा म्हशींसाठी थांबवावी लागायची. काच खाली करून ते सरदारणीकडं बघत. सरदारीण त्यांच्याकडं बघायची नाही. हे त्यांना जास्त लागायचं.

पहिल्याच सकाळी पृथ्वीराज कट्ट्यावर दूध प्यायला आला आणि म्हणाला, "आकाराममामा, जर्मनीत हायवेच्या कितीतरी पट्ट्यांवर मर्यादाच न्हाय. सल्ला देत्यात एकशेतीसचा, पण पुढं तुमची मर्जी. तरी लोक मरत न्हाईत, कारण शिस्त हाय. मारतो तो वेग न्हवं, बेशिस्त."

शेजारचा निसार, गॅरेजवाला, आकारामचा लंगोटीयार, पेला तोंडाला लावूनच म्हणाला, "आमचा तोहिद दुबईत गाडी चालवतो. तिथं एकशेवीस, वर वीसची सूट. पण त्याच्याही वर एक गेला की कॅमेरा टिपतो. गडी घरी पोचायच्या आत दंडाचा मेसेज बायकोनं वाचलेला असतो."

"मंग दंड परवडला, बायको न्हाय परवडत," आकाराम म्हणाला. धोंडुबाईनं धार चुकवून त्याच्या पायावर सोडली.

हंबीरराव मागं राहणारे नव्हते. ते एकदा सहलीबरोबर इंग्लंडला जाऊन आलेले. "म्या डोळ्यांनी बघितलंय. त्यांच्या हायवेवर पाटी काय, तर सत्तर! आमच्यावर राज्य करून गेली आन् सत्तर!"

"बाबा, ते मैल असत्यात," पृथ्वीराज हळूच म्हणाला. "आपल्याकडचं एकशेबारा झालं."

"मंग तसं लिवायचं की! आमाला फशिवतात आजून!"

"आन् जपानात," पृथ्वीराज म्हणाला, "माझा एक मित्र हाय. रस्ता मोकळा असला तरी लोक मर्यादेच्या आसपासच चालवत्यात."

"बघणारं कोण नसताना?" निसारनं विचारलं.

"कोण नसताना."

 असा माणूस अजून कुणी पाहिलेला नव्हता. एका म्हाताऱ्यानं तर आजारपणाची चौकशी करावी तशा आवाजात विचारलं, "कायमचंच हाय का हे त्येंच्यात?"

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण हंबीररावांनी पेला खाली ठेवला आणि घसा साफ केला. घसा साफ केला की ते भाषण करतात, हे गल्लीला माहीत होतं. "आकाराम, रागवू नगंस. आमी नागरिक समिती केली हाय. या रस्त्याची मर्यादा चाळीसची ऐंशी करायची मागणी हाय. आन् ऐंशीच्या रस्त्यावर म्हशी चालत न्हाईत. तुझा कट्टा गावाबाहेर, दगडाच्या खणीपलीकडं न्यायचा. जागा मोप हाय तिथं."

आकारामच्या तोंडातलं दूध तोंडातच राहिलं. खणीपलीकडं रानटी कुत्री आणि पडक्या विटा. तिथं पहाटे पेला घेऊन कोण येणार? पैलवान येतील? बँकेतले साहेब येतील? तिथं कट्टा म्हणजे म्हशी विकायच्या आणि आपण घरी बसून धोंडुबाईचं ऐकायचं.

"कोण ठरवणार हे?" त्यानं विचारलं.

"वाहतुकीचं साहेब येणार हायती, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी. सकाळी, म्हशी रस्त्यावर असतानाच बोलावलंय मी," हंबीरराव म्हणाले. "डोळ्यांनी बघूं देत, कशी अडचण होती ती."

चाळीस कुणीच पाळत नाही हे साहेबांना आकड्यात दाखवायला त्याच आठवड्यात हंबीररावांनी स्वखर्चानं रस्त्यावर विजेची एक पाटी बसवली. समोरून येणाऱ्याचा वेग तिच्यावर आकड्यात उमटायचा. आकड्याच्या वर हंबीररावांचा हात जोडलेला फोटो, आकड्याच्या दीडपट. चाळीसच्या वर गेलं की लाल रंगाचं रागावलेलं तोंड लागायचं. आत राहिलं तर म्हणे हिरवं, हसरं तोंड लागतं आणि खाली 'धन्यवाद' येतं. पण ते कुणी पाहिलं नव्हतं. निसारचं ठाम मत होतं, की कंपनीनं दुसरं तोंड बसवलेलंच नाही, पैसे वाचवले.

लोकांचा वेग कमी व्हावा म्हणून कंपनीनं बनवलेली ती पाटी गल्लीतल्या पोरांना भलतीच आवडली. आजवर आपण किती जोरात जातो ते नुसतं तोंडानं सांगावं लागायचं, आता समिती लिहून दाखवत होती. दुसऱ्या गल्लीतली पोरंसुद्धा आकडा काढायला यायची. शहाण्णव काढणाऱ्याचा तर पाटीखालीच नारळ देऊन सत्कार झाला, आणि नारळ हंबीररावांच्याच हस्ते, कारण सत्कार म्हटला की ते विषय विचारत नसत.

आकाराम संध्याकाळी कट्ट्यावर पोटतिडकीनं बोलायचा. "चाळीस म्हंजे चाळीस! माणसं हायती का रेड्याची औलाद? ह्या रस्त्यावर शाळेची पोरं चालत्यात, म्हशी चालत्यात!" माना डोलायच्या. डोलवणाऱ्यांच्या गाड्या रस्त्याच्या मधोमध उभ्या असायच्या.

एका पहाटे मात्र, दुसरं कुणी उठायच्या आत, तो फटफटी घेऊन बाहेर पडला. इकडं तिकडं बघितलं आणि गाडीचा कान पिळला. पाटीवर बहात्तर उमटलं. लाल तोंड रागावलं. साठीच्या माणसाला एवढं आनंदानं शीळ घालताना त्या पाटीनं पहिल्यांदाच पाहिलं असेल.

घरी आल्यावर धोंडुबाईनं चहा पुढं केला. "किती आलं?"

"काय किती?"

"मला खुळं समजू नगासा. आवाज वळखतो मी. म्हशीला कळतंय, मला न्हाय कळत व्हय? सांजचं वेग कमी करा म्हणून बोंबलायचं आन् पहाटं आकडं काढायचं. साहेब आल्यावर काय सांगणार हायसा?"

"पाडव्यासाठी गाडी बघालतो..."

"साहेबास्नी हेच सांगा. कट्टा जाईल, पर बहात्तर ऱ्हाईल."

आकारामला चहा गोड लागला नाही. त्याला पहिल्यांदाच खरं भ्यायला झालं. आपल्या बाजूनं बोलायला जावं तर तोंडात आपलीच फटफटी आडवी येते, हे त्याला कळून चुकलं.

पाडवा झाला. सरदारीण अशी पळाली की बघणाऱ्यांचे फेटे उडाले. पण आकारामचं मन तिच्यात नव्हतं. पळवता पळवता त्याच्या मनात येत होतं, की पुढच्या पाडव्याला गोठा रिकामा असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले. चष्मा, हातात काठी नाही, कमी बोलणारे. कट्ट्यावर गर्दी. म्हशींच्या अंगावर कालचा साज तसाच होता. शिंगं हिरवी-पिवळी, कपाळावर कवड्या. धोंडुबाई सरदारणीच्या कासेला बसलेली. हंबीररावांनी साहेबांना रस्ता दाखवला, अडचण दाखवली, पाटी दाखवली आणि पाटीवरचा स्वतःचा फोटो दोनदा दाखवला.

"आता आमचा पृथ्वीराज प्रात्यक्षिक देईल," ते म्हणाले. "शिस्तीत, सरळ, ऐंशीनं. जर्मनीच्या पद्धतीनं. वेग सुरक्षित असतो हे आपण डोळ्यांनी बघा."

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "चाळीसच्या रस्त्यावर ऐंशी?"

"म्हणून तर दोन्ही टोकाला समितीची माणसं उभी केल्यात! समिती हाय, साहेब." हंबीररावांनी हे असं म्हटलं, जणू समितीला रस्ताही घाबरतो. आणि साहेबांनी काही म्हणायच्या आत त्यांनी रुमाल हलवला.

पृथ्वीराजसाठी त्याची कॉलेजातली जुनी गाडी निसारच्या गॅरेजातून काढलेली. आता यातली मेख अशी, की पृथ्वीराज कितीही शिस्तीचा असला तरी जन्माचा कोल्हापूरकर. दिवाळीला घरी आल्या आल्या तो निसारकडं गेला होता आणि इकडं तिकडं बघून हळूच म्हणाला होता, "निसारचाचा, पुंगळी काढा की तेवढी. तिकडं लई आठवण येती त्या आवाजाची." निसारनं काढली. परत बसवायला कुणी सांगितलं नाही.

पृथ्वीराजनं हेल्मेट घातलं, पट्टा आवळला, आरसे नीट केले, डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, पुन्हा डावीकडं बघितलं. एवढी शिस्त त्या रस्त्यानं कधी पाहिली नव्हती. मग त्यानं किक मारली.

सरदारणीचे कान उभे राहिले.

"अगं ए!" धोंडुबाई ओरडली. चरवी उलटली, दूध रस्त्यावर आणि सरदारीण रस्त्यात. ती सुटली म्हणताना बाकीच्याही सुटल्या. म्हशींना समितीची माहिती नव्हती. काल ज्या आवाजामागं पळायचं होतं तोच आवाज आज आलाय, एवढं त्यांना कळलं.

पृथ्वीराजनं आरशात बघितलं. आरशात रस्ता नव्हता. शिंगं होती, मोरपिसं होती. त्यानं कान पिळला. आवाज वाढला. आवाज वाढला म्हणून सरदारणीनं पाय उचलला. तिनं पाय उचलला म्हणून त्यानं आणखी पिळला.

"आरं गाडी बंद कर!" आकाराम धावत ओरडत होता. "बंद कर म्हणजे थांबत्यात त्या! जर्मनीत जाऊन समदं इसरलास व्हय रं!"

पण पुंगळी काढलेल्या गाडीवर हेल्मेट घातलेल्या माणसाला काय ऐकू येणार?

पृथ्वीराज पाटीसमोरून गेला. पाटीवर एकोणऐंशी उमटलं, लाल तोंड रागावलं. त्याच्या बऱ्याच मागून सरदारीण आली, मान पुढं, शेपटी वर, गळ्यातली घुंगरं वाजवत. पाटी क्षणभर काळी झाली. मग तिच्यावर अडतीस उमटलं, आणि त्याच्या शेजारी, हंबीररावांच्या जोडलेल्या हातांखाली, हिरवंगार हसरं तोंड लागलं. खाली अक्षरं आली. धन्यवाद.



"हाय की रं दुसरं तोंड!" निसार म्हणाला. "उगंच कंपनीला नावं ठेवलो."

पृथ्वीराज वळणाच्या पुढं वैरणीच्या ढिगात शिरला आणि गाडी बंद पडली. त्याला खरचटलंसुद्धा नाही. आवाज थांबला तशी सरदारीण थांबली, त्याच्याजवळ गेली आणि धनी समजून त्याचं हेल्मेट चाटायला लागली. बाकीच्या म्हशींनी वैरण खाल्ली. समितीच्या माणसांनी शिस्तीत पळ काढला होता.

आणि म्हशी पळत असतानाच आणखी एक झालं होतं. मागून येणाऱ्या मोटारी, टेम्पो, रिक्षा, सगळ्या म्हशींच्या मागं अडकल्या आणि त्यांच्या चालीनं यायला लागल्या. एकामागं एक, हॉर्न नाही, घुसाघुस नाही. पाटी प्रत्येकाला हसत होती. धन्यवाद, धन्यवाद, धन्यवाद. एक रिक्षावाला तर मागं वळून पुन्हा एकदा आला, खरंच आपल्यालाच म्हणाली का ते बघायला.

साहेब बराच वेळ त्या रांगेकडं बघत उभे होते. हंबीरराव घसा साफ करायला लागले तसं साहेबांनी हात वर केला.

"हंबीरराव, मर्यादा चाळीसच राहील. तुमच्या चिरंजीवांना पुंगळीचा दंड होईल, आणि वेगाचाही."

"आन् कट्टा?" आकारामनं विचारलं. 

"कट्टा राहू दे. या रस्त्यावर लोक फक्त म्हशींचंच ऐकतात, एवढं मला कळलं." मग साहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं. "पण एक अट. तुमची फटफटी मी काल पाडव्याला ऐकली. ती पुंगळी आजच बसवायची. ह्या रस्त्यावर चाळीस, म्हणजे तुम्हालाही चाळीस. कबूल?"

आकारामनं फटफटीकडं बघितलं. पंचविशीपासूनचा आवाज तो. मग वळणावरून धोंडुबाई सरदारणीला घेऊन येताना दिसली, रिकामी चरवी काखेत, दुधानं पदर भिजलेला, आणि तोंडानं म्हशीला नव्हे तर जर्मनीला शिव्या घालत.

"कबूल," तो म्हणाला.

निसारनं त्याच दुपारी पुंगळी बसवली. बसवताना दोघंही मयताला असतात तसे उभे होते.

आठवड्याभरात चौकात फलक लागला. 'वेगमर्यादेच्या लढ्याला यश, हंबीरराव यांचे हार्दिक अभिनंदन'. मधोमध त्यांचा फोटो आणि त्याच्या शेजारी, तेवढाच मोठा, सरदारणीचा. तिनं त्यातही त्यांच्याकडं बघितलं नव्हतं. पृथ्वीराज जर्मनीला परत गेला. जाताना कट्ट्यावर दूध पिऊन गेला आणि म्हणाला, "मामा, तिकडं कुणाला सांगणार न्हाय मी हे." आकाराम म्हणाला, "सांग की. आमचीबी शिस्त कळूं दे त्येंना."

पुढच्या पाडव्याला आकारामनं सरदारणीला नटवलं. तिचे केस कातरून पाठीवर या वेळी स्वतःचं नाव न काढता 'धन्यवाद' काढलं. मग फटफटीवर बसून किक मारली. गाडी मांजरासारखी गुरगुरली. सरदारणीनं कान टवकारले, फटफटीकडं बघितलं, धन्याकडं बघितलं. ओळख पटली नाही. असल्या आवाजाच्या माणसाशी आपलं काही देणं-घेणं नाही, असं ठरवून तिनं मान फिरवली आणि आपली एकटीच, आपल्या चालीनं, पाटीच्या दिशेनं चालू लागली.

मग दुसरा काय इलाज? आकारामनं गाडी पहिल्यात टाकली आणि तिच्या मागं निघाला. हाका मारत, चुचकारत, ती थांबली की थांबत, ती हलली की हलत. दोन्ही बाजूंनी लोकांनी गुलाल उधळला. पाटीनं आधी म्हशीला हसून घेतलं, मग आकारामला.

कट्ट्यावर उभी राहून धोंडुबाई बघत होती. नवरा जवळून जाताना तिनं पदर तोंडाला लावला, पण आवाजाला काही लावला नाही.

"अवो, आता दोनदा झालं की! एकदा माझ्या मागं आलतासा, आता हिच्या मागं. चालवा, चालवा तशीच. आजऱ्यास्नं आलतासा तवाबी अशीच झ्याक चालवलीतीसा!"